ते हाड कशाचं होतं

तुम्ही गेलात त्याला आज सव्वीस दिवस झाले. मला लिहिता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मी बोलतेय आणि आपली शांता लिहून घेतेय. सोलापूरला माझ्या भावाकडे राहून ती चार बुकं शिकली, ती आता अशी कामाला आली. मी 'न्हाई' म्हणाले की ती 'नाही' लिहिते, हे तिनंच सांगितलं. आणखी काय काय बदलते कोण जाणे. म्हणून थोड्या थोड्या वेळानं मी तिला थांबवते आणि म्हणते, वाच. ती वैतागते. "आई, मी कामून खोटं लिहू?" मी म्हणते, तरी वाच.

माझा हा स्वभाव तुमच्याइतका कुणी सोसला नाही. बाजारातून आलेली ज्वारी वास घेतल्याशिवाय मी कधी जात्यात टाकली नाही. तुम्ही कामावरून आलात की तुमच्या हातांचा वास घेतल्याशिवाय तुम्हाला पाणी दिलं नाही. तुम्ही दारात दोन्ही हात पुढे करून उभे राहायचात. सुरुवातीला हसायचात. पुढे हसणं बंद झालं, हात पुढे करणं मात्र सोडलं नाहीत.

त्या हाडावरून आपण सतरा वर्षं भांडलो. मोठ्यानं पाच-सहा वेळाच, उरलेला सगळा वेळ न बोलता. तुम्ही गेलात तेव्हा ते भांडण तसंच राहिलं होतं. मध्यंतरी बरंच काही घडलं आहे, ते तुम्हाला सांगायचं आहे.

पहिल्यापासून सांगते, म्हणजे शांतालाही कळेल. ती त्यात होती, पण तिला आठवायचं कारण नाही.

त्या वर्षी आपली मेंढरं रोगानं गेली. पावसाळ्यात कळप होता, दिवाळीला चार मेंढरं उरली आणि रिकामा वाडा. त्याच हिवाळ्यात हळ्ळीखेडच्या बाहेर ओढ्यावर सरकारी पुलाचं काम निघालं. माळावर तंबू पडले. गोरा इंजिनियर आला, त्याची मडम आली, आणि त्यांचा खानसामा चांदमिया हुमनाबादहून आला. तुम्ही दगड वाहायला लागलात. मेंढरांमागं हिंडलेला माणूस, खांद्याची सालटी निघालेली मी बघत होते. मग एके दिवशी तुम्ही आलात तर खांद्यावर धूळ नाही आणि अंगाला धुराचा वास.

"आज दगड न्हाई उचलला?" मी विचारलं.

"सैपाकाच्या तंबूत घेतलंय मला."

"दगडावरनं एकदम चुलीवर? अन् चांदमिया काय करायलाय?"

"तेला एकट्याला व्हईना," म्हणालात आणि जेवायला बसलात.

इतकंच. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. साहेबाच्या घरचा जुना खानसामा, आणि दोन माणसांचा स्वयंपाक त्याला होईना? पण मला नववा महिना लागला होता आणि तुमचे खांदे वाचले होते. मी गप्प बसले.

शांता झाली आणि चौथ्या दिवशी मला ताप भरला. अंगावर दूध नाही. पोरीला शेळीच्या दुधाचा बोळा चोखवत होते, तोही ती ओकायची. सुईण रोज येऊन माझा हात हातात घ्यायची आणि मान हलवायची. शेवटी तुम्हाला दारात उभं करून ती म्हणाली, "हाडाचा रस्सा पाज हिला. नळीचा. रोज. न्हाईतर दोघीबी हातच्या जातील." आत अंथरुणावर मी ऐकत होते. उरलेल्या चार मेंढरांपैकी दोन तुम्ही आधीच विकली होती आणि दोन गाभण होती. रोज हाड आणणार कुठून, असं मनात आलं. पण बोलायला तोंडात जोर नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी तुम्ही आलात. हातात कल्हईचं तांब्याचं भांडं, वर फडकं बांधलेलं. असलं भांडं आपल्यात नव्हतं.

"काय हाय?"

"रस्सा."

"कशाचा?"

"शेळीचा. तंबूत कापली हुती. मांस साहेबानं खाल्लं, नळ्या उरल्या."

माझ्या वाटीत तुम्ही ते ओतलंत. आपल्या रश्श्यासारखं लाल नव्हतं, तेलाचा तवंग नव्हता. पिवळसर, नितळ, कांदा विरघळून गेलेला, मिऱ्याचा तिखटपणा आणि मागून एक सुगंध, जो मी आधी कधी घेतला नव्हता. मीठ कमी होतं. मी चिमूटभर मागून घेतलं. पहिले दोन घोट तुम्ही मान धरून पाजलेत. मग मी वाटी स्वतः धरली.

असे एकवीस दिवस. रोज ते भांडं, रोज फडकं, रोज चिमूटभर मीठ. भांडं तुम्ही लगेच राखेनं घासून परत न्यायचात, घरात एक घटकासुद्धा ठेवत नव्हतात. नवव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी दूध आलं. शांता पहिल्यांदा पोटभर प्यायली आणि अशी झोपली की मला वाटलं गेली. तुम्ही तिच्या नाकापुढे बोट धरून बसला होतात. ते मी डोळे किलकिले करून बघत होते, तुम्हाला माहीत नव्हतं.

महिन्यानं मी विहिरीवर गेले. तिथं एकीनं घागर भरता भरता मला विचारलं, "तुझा नवरा साहेबाचं डुकराचं हाड शिजवतो म्हणं. चांदमियानं हात लावला न्हाई म्हणून तेला घेतलं म्हणं. खरं हाय का?"

मी घागर तिथंच सोडली.

हळूहळू सगळं कळलं. साहेबाच्या नाताळच्या सणाला सिकंदराबादहून डुकराची मांडी आली होती, मिठात मुरवलेली, कापडात गुंडाळलेली. ते तिला हॅम म्हणायचे. ती खाऊन संपली तरी हाड टाकत नव्हते. मडम त्या हाडाचं सूप करायला लावायची. नाताळनंतरही तसल्या मांड्या येतच राहिल्या, आणि हाडं उरतच राहिली. चांदमियाच्या धर्मात ते हराम. त्यानं पगडी काढून साहेबापुढे ठेवली, म्हणाला, नोकरी घ्या, पण हे सांगू नका. मग साहेबानं दगडवाल्यांत माणूस शोधला. कुणी पुढे झालं नाही. तुम्ही झालात.

तुम्ही संध्याकाळी आलात. मी शांताला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसले होते.

"मला तुमी काय पाजलं?"

"शेळीचा रस्सा."

"डुकराचं हाड कोण शिजवतंय तिथं?"

तुम्ही लपवलं नाही. "मी शिजवतोय. पण घरात आणलं न्हाई."

"पोरीच्या डोक्यावर हात ठिवा. म्हणा, शेळीचं हाड हुतं, अन् मी माज्या हातानं, निर्मळ भांड्यात शिजवलं."

तुम्ही हात उचललात. शांताच्या टाळूवर ठेवलात. "शेळीचं हाड हुतं," म्हणालात. आणि थांबलात.

"फुडचं म्हणा."

तुम्ही हात काढून घेतलात. "पोरीच्या डोक्यावर न्हाई," म्हणालात आणि बाहेर निघून गेलात.

तो काढून घेतलेला हात मी सतरा वर्षं धरून ठेवला. दुसरा पुरावा मला नको होता. खरं बोलणारा माणूस अर्ध्यावर कशाला थांबेल?

पुढचं मी काय केलं ते तुम्हाला सांगायला नको, पण शांतानं लिहायला हवं. तुमचं ताट मी वेगळं केलं. तुम्हाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. पूल झाला, साहेब गेला, तुम्ही परत दुसऱ्याच्या रानात राबायला लागलात, तरी ते ताट वेगळंच राहिलं. एकदा मी तापानं पडले तेव्हा तुम्ही ज्वारीची आंबील केलीत आणि उशाशी ठेवून कामावर गेलात. मी उठून ती गोठ्यात नेऊन ओतली. तुम्ही परत येऊन रिकामं भांडं बघितलंत आणि तुमचं तोंड उजळलं. त्या तोंडाकडे बघून सांगायचं धाडस मला झालं नाही. ती चांगली झाली होती का, हे मला आजही माहीत नाही.

गावानंही सोडलं नाही. थोरले आप्पा, तुमचे चुलते, आपल्या भावकीतले मोठे; त्यांनी वर्षभर आपल्या घरचं पाणी बंद केलं. नंतर पाणी सुरू झालं, पण पंगतीत बसले तर ताटात हात घालायच्या आधी आप्पा एकदा तुमच्याकडे बघायचे. शांता मोठी झाली तशी स्थळं येऊन परत जायला लागली. तोंडावर कुणी काही बोलायचं नाही. शेवटी मंठाळचं स्थळ आलं. तुम्ही हो म्हणालात, आणि आठच दिवसांत अंथरूण धरलंत.

त्या दुखण्यात तुम्ही एकच गोष्ट मागितलीत. "नळीचा रस्सा कर." मी खोटं बोलणार नाही, ऐकून माझं अंग ताठ झालं. पण आप्पांच्या घरी बोकड कापला होता, तिथून नळ्या आणल्या आणि चूल पेटवली. तुम्ही पडल्या पडल्या सांगायला लागलात.

"जाळ कमी कर. खळखळा उकळू नगं, नुसतं थरथरलं पायजे. वरचा फेस काढ. आनिक काढ."

मी वळून म्हणाले, "एवढं सगळं कुठं शिकलाव?"

"चांदमियाला इचार," म्हणालात आणि हसलात. कितीतरी वर्षांनी हसलात. मला वाटलं, शेवटपर्यंत टाळताय. मी रागानं फेस काढत राहिले. तुम्ही अर्धी वाटी प्यायलात. तिसऱ्या दिवशी गेलात.

पाचव्या दिवशी चांदमिया आला.

तुम्हाला ठाऊक आहे, दिवस कसे आहेत. खाकी कपडे घालून मुसलमानांची पोरं रस्त्यानं कवायती करतात, पलीकडे आपली पोरंही कुठंकुठं जमतात, आणि कालपर्यंत एकमेकांच्या लग्नात राबणारी माणसं तोंड चुकवून जातात. अशात हा म्हातारा हुमनाबादहून एकटा आला. आता तिथं मोटारी थांबतात त्या जागी त्याचं चहाचं दुकान आहे. तो गल्लीत शिरला तसं प्रत्येक दारात एकेक माणूस उभं राहिलं. अंगणात आला, पायताण काढलं, खाली बसला आणि डोक्यावरचा रुमाल तोंडावर धरून रडला. मला आधी वाटलं, याला काय हवंय?

पाणी दिलं. मग मी सरळ विचारलं. आता कुणासाठी थांबायचं होतं?

"चांदभाई, मला तवा काय पाजलं? खरं सांगा. तो माणूस गेला आता."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "वो कभी बोला नहीं तुमकू?"

"शेळीचं म्हणले. पण शपथ घेतली न्हाई."

"कैसा लेता?" चांदमिया म्हणाला. "पकाया मैं था."

मला कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. अर्धं त्याच्या बोलीत, अर्धं आपल्या.

तिथं दोन चुली होत्या. ओढ्याच्या अंगाला तुमची, वाऱ्याच्या वरच्या बाजूला त्याची. मडम खुर्ची टाकून बसायची आणि तुम्हाला शिकवायची. हाड आधी पाण्यात भिजत घालायचं, मग सकाळपासून मंद जाळावर. फेस आला की काढायचा. मग कांदा, गाजर, वाळके वाटाणे, चार मिरे. हाडाला चिकटलेलं मांस आपोआप सुटून येईपर्यंत. चांदमिया नाकाला रुमाल लावून वीस पावलांवरून बघायचा. तुमच्या हाताला चव होती, असं तो म्हणाला. मडमेनं साहेबाला दोनदा बोलावून वाटी दाखवली होती. संध्याकाळी उरलेलं सूप घरी न्यायला ती तुम्हाला सांगायची. तुम्ही सलाम करून ते उचलायचात आणि ओढ्याकाठी कुत्र्यांना घालायचात.

सुईण बोलून गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही चांदमियाकडे गेलात. म्हणालात, माझे हात दिवसभर त्या हाडात असतात, या हातांनी बायकोचं करायला मन घेत नाही. नळ्या आहेत तुझ्याकडे, भांडी आहेत. तू कर. आणि त्यानं केलं. साहेबासाठी कापलेल्या शेळीच्या उरलेल्या नळ्या, त्याच्या स्वतःच्या जेवणाच्या देगचीत. वरून जायपत्री. एकवीस दिवस.

"मैं बोला, घर में बोल देना," चांदमिया म्हणाला. "वो बोला, नक्को. मुसलमान के हात का पता चला तो वो मर जाएगी, पर पीएगी नहीं."

माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. मी मनात म्हटलं, हा म्हातारा मला बरं वाटावं म्हणून गोष्ट रचतोय. मेलेल्या दोस्ताचं नाव राखतोय. मी त्याला उलटसुलट विचारलं. हाड किती वेळ शिजायचं, वाटाणा कधी टाकायचा, मीठ कधी.

"नमक?" तो म्हणाला. "उस हड्डी में नमक डालनाच नहीं पड़ता था. नमक में मुरी हुई टांग थी वो. मेम साब दो बार पानी बदलवाती थी, फिर भी खारा."

मी उठून आत गेले. दाराआड शांता उभी होती. मी भिंतीला टेकून बसले. माझ्या वाटीत मीठ कमी असायचं. रोज. रोज मी चिमूट मागून घ्यायचे. आणि ते चांदमियाला माहीत असायचं काही कारण नव्हतं. ते फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं.

सतरा वर्षं पुरावा माझ्याच जिभेवर होता.

त्या दिवशी मी रडले नाही. मला तुमचा राग आला. सांगायचं नाही? इतकी वर्षं वेगळ्या ताटात जेवायचं, गावाचं ऐकायचं, हात पुढे करून उभं राहायचं, आणि एक वाक्य बोलायचं नाही? मग डोकं जरा शांत झालं तेव्हा मी स्वतःला विचारलं, सांगितलं असतं तर? त्या अंथरुणावर, तापात, फडकं सोडता सोडता तुम्ही म्हणाला असता की चांदमियानं केलंय, तर मी काय केलं असतं? मी ते भांडं लाथेनं उडवलं असतं. शांता मेली असती, मी मेले असते, आणि मला वाटलं असतं मी बरोबर केलं. मी तुमच्यावर संशय घेतला तो खोटा निघाला. तुम्ही माझ्यावर घेतलात तो मात्र खरा होता.

जायच्या आधी चांदमियाला मी एक शेवटचं विचारलं. शिजवताना तुम्ही ते डुकराचं सूप चाखायचात का? तो पायताण घालत होता. "मैं पूछा नहीं, वो बोला नहीं," म्हणाला. ते तेवढं राहिलंच. मला त्याचं काही वाटत नाही असं मी शांताला लिहायला सांगणार होते, पण वाटतं. खाल्लं असेल तर मला सांगायला हवं होतं. नसेल खाल्लं तरीही.

तेराव्याला भावकी आली. गव्हाची गोड हुग्गी केली होती, वरण-भात होता. पत्रावळी मांडल्या आणि कुणी बसेना. सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा काठी टेकून उभे होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "पोरगं गेलं. आता तरी सांग. या घरात ते हाड शिरलं का न्हाई?"

"न्हाई. शेळीचं हुतं."

"कशावरनं?"

मी मिठाचं सांगितलं. आप्पांनी जन्मभर मेंढरं कापलीत, मांस मिठात घालून वाळवलंय. त्यांनी डोळे मिटून विचार केला, मान हलवली आणि खाली बसले. मागोमाग सगळे बसले. आप्पांनी हुग्गी दोनदा घेतली. रस्सा कुणी शिजवला, ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. वाढत राहिले. तुमचं नाव धुतलं गेलं आणि चांदमियाचं नाव मी गिळलं. वाटलं, जाऊ दे, पोरीचं लग्न व्हायचंय.

सगळे गेल्यावर शांता भांडी घासता घासता म्हणाली, "आई, तू अर्धंच सांगितलंस."

"तेवढंच इचारलं."

"मंठाळचे लोक येतील तवा सगळं सांग. न्हाईतर मी जाणार न्हाई तिथं. उद्या मला अशीच हात धुवून दारात उभी करतील."

हे वाक्य तिनं आत्ता लिहिताना गाळलं होतं. मी वाचायला लावलं तेव्हा सापडलं. बघा, म्हणून मी वाच म्हणते.

बाविसाव्या दिवशी मंठाळचे लोक आले. बाप गेला की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, म्हणून घाईनं आले. मुलाचा बाप, दोन माणसं, आणि मुलाची आई. जाडजूड बाई, कोपऱ्यात बसलेली, पदर नीट घेऊन, एक शब्द न बोलता. आप्पा मध्ये बसले होते. त्यांनीच सुरुवात केली, की त्या जुन्या गोष्टीचा उलगडा झालाय, हाड शेळीचं होतं, आता काही किंतू नाही. मुलाच्या बापानं हुश्श केलं.

शांता आतून बघत होती. मी म्हणाले, "हाड शेळीचंच हुतं. पण शिजवलं चांदमियानं. तेच्या घरच्या भांड्यात. एकवीस दिस मी ते प्यायले, म्हणून मी बसलेय हितं, अन् म्हणून ही पोरगी हाय."

मग आप्पांनी काठी घेतली. "हे मला कामून सांगितलं न्हाईस?" म्हणाले. उत्तराला थांबले नाहीत. उठले आणि गेले. त्यांनी आपल्या घरचं पाणी परत बंद केलंय, हे तुम्हाला सांगून ठेवते. मुलाचा बाप आपल्या दोन माणसांकडे बघत होता, ती माणसं जमिनीकडे बघत होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून ती बाई बोलली. पहिल्यांदाच.

"मग दूध आलं का?"

"व्हय," मी म्हणाले. "अकराव्या दिसाला."

तिनं आतल्या दाराकडे बघितलं. शांता तिथं उभी होती, चांगली उंच, भरलेली. बाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, घाई न करता. मग नवऱ्याला म्हणाली, "तारीख काढा." आणि मला म्हणाली, "तेवढा रस्सा पोरीला शिकवून धाडा. माझी थोरली सून खंगलीय, सहावा महिना चाललाय तिला."

ती बाई मनानं मोठी आहे की नुसती हिशेबी आहे, हे मला अजून कळलेलं नाही. लग्न होईपर्यंत मी तिच्यावर नजर ठेवणार आहे. लग्नानंतरही ठेवीन. शांता लिहिता लिहिता हसतेय.

उद्या सकाळी आम्ही दोघी हुमनाबादला निघतोय. दिवस बरे नाहीत, लोक बघतील, बघू देत. नळ्या बरोबर नेतोय, काल बाजारात कापलेल्या बोकडाच्या. चांदमियानं सगळं सांगितलं, पण जायपत्री केव्हा टाकायची ते विचारलं तेव्हा तो जरा घुटमळला. काहीतरी हातचं राखलंय त्यानं, असा मला दाट संशय आहे. मी त्याच्या चुलीसमोर बसून बघणार आहे.